कोळसा तिकडे, विहिरी इकडे

औद्योगिक पट्ट्यातल्या भूजलाचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, आधी मोजा. दुसरा विचारतो, मोजून मिळणार काय? या लेखात हे दोन सूर एकाच घरातल्या दोघांच्या तोंडी घातले आहेत. वहिनी मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या, शिक्षणाने भूवैज्ञानिक. कोळसा खाणींभोवतीच्या विहिरी मोजण्याचं काम त्यांनी केलंय. आता त्या मोशीत राहतात. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. चाकणजवळ कुरुळीला त्यांचं प्लेटिंगचं जॉबवर्क चालतं. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

भाऊजी : परवा असोसिएशनच्या बैठकीत नवीनच टूम निघाली. प्रत्येक प्लॉटवर पायझोमीटर, म्हणजे भूजल मोजायची नळीसारखी बोअर, बसवा, पातळी मोजा, पाण्याचे नमुने लॅबला पाठवा. मी विचारलं, अरे, चाकणला कोळशाची खाण लागली की काय? ही सगळी तुमच्या वणी-चंद्रपूरकडची कामं, वहिनी.

वहिनी : खाणीचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. आमच्याकडे वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, उघड्या खाणी आहेत. उकणी, निलजई, मुंगोली अशी नावं तुम्ही ऐकली असतील. कोळशाच्या थरापर्यंत खड्डा न्यायचा तर वाटेत वालुकाश्माचे थर लागतात, आणि ते पाण्याने भरलेले असतात. ते पाणी खड्ड्यात उतरतं. रात्रंदिवस पंपाने उपसलं नाही तर खाण बुडेल. उपसा सुरू झाला की आसपासच्या गावांच्या विहिरींची पातळी खाणीच्या बाजूला उतरायला लागते. म्हणून खाणीला पर्यावरण मंजुरी देतानाच अट घालतात. भोवतालच्या विहिरींचं जाळं ठरवा, नवे पायझोमीटर मारा, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशी वर्षातून चार वेळा पातळी मोजा, पाण्याची गुणवत्ता तपासा आणि अहवाल द्या.

भाऊजी : आणि तेच पाणी बाटलीत भरून विका! 'कोल नीर' की काय नाव आहे ना त्याचं?

वहिनी : हो, नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला. खाणीचं सगळंच पाणी वाईट नसतं, हे मीही मानते. शुद्ध केलं, तपासलं, तर पिता येतं. पण खाणीशेजारच्या शेतकऱ्याला बाटली नको असते. त्याच्या विहिरीत आधी पाणी किती होतं, याचा हिशेब त्याला हवा असतो. भांडण तिथंच होतं. गाव म्हणतं, खाणीने विहीर आटवली. खाण म्हणते, यंदा पाऊसच कमी. खड्डा खणायच्या आधीपासूनच्या नोंदी असतील तर निवाडा होतो. नसतील तर ज्याचा वकील मोठा, त्याचं खरं.

भाऊजी : पटलं. पण तिथं खड्डा एक आणि मालक एक. बोट कुणाकडे दाखवायचं ते ठरलेलं. इथं निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, जिकडे बघाल तिकडे शेड. शिवाय आम्ही पाणी जमिनीतून घेतोच कुठं? एमआयडीसीची लाईन आहे. धरणाचं पाणी येतं, मीटरवर बिल भरतो. मग जमिनीखालचं पाणी मोजायचं ओझं आमच्या डोक्यावर का?

वहिनी : लाईनला पाणी नसतं त्या दिवशी टँकर मागवता ना? तो कुठं भरतो?

भाऊजी : टँकरवाल्याला विचारायचं नसतं. तो येतोय हेच उपकार.

वहिनी : तो कुणाच्या तरी विहिरीवर नाहीतर बोअरवर भरतो. आमच्या सोसायटीचंही तेच. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 25 नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू केलं. मधल्या दिवसाची तूट बोअर आणि टँकर भरून काढतात. म्हणजे अर्धं शहर भूजलावर तरलंय आणि त्या भूजलाचा जमाखर्च कुणाच्याच वहीत नाही. 'आम्ही भूजल वापरत नाही' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या गेटवर टँकर उभा असतो.

भाऊजी : जमाखर्च नाही कसा? भूजल सर्वेक्षणवाले मोजतातच की. पुण्यातच त्यांचं मुख्य ऑफिस आहे.

वहिनी : मोजतात, आणि चांगलं मोजतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिली. राज्यभर तिच्या निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चार वेळा पातळी घेतात, मागच्या 5 वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात आणि कुठल्या गावाला टंचाई येईल याचा अंदाज देतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरी वेगळ्या. पण हे जाळं खेड्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी आणि शेतीसाठी विणलेलं आहे. कारखान्यांच्या दाट वस्तीत एका शेडखाली काय चाललंय ते टिपायला ते फार विरळ पडतं. एखादा तालुका कागदावर 'सुरक्षित' असतो, आणि त्याच तालुक्यातल्या सोसायटीची बोअर मार्चमध्येच हवा फेकते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

भाऊजी : आता मला बोलू द्या. माझ्या प्लॉटवर एक बोअर आहे, 300 फुटांची. उन्हाळ्यातही थोडं पाणी देते. शेजाऱ्याने माझ्या भिंतीला लागून 400 फूट मारली, नुसती धूळ आली. दोन बोअरमध्ये एका ट्रकचं अंतर नाही. तुमच्या त्या पायझोमीटरने माझ्या प्लॉटवर मोजलेला आकडा शेजाऱ्यालाही लागू पडत नाही. मग त्याचा गावाला उपयोग काय?

वहिनी : त्या बैठकीत कुणी हा मुद्दा मांडला असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा. वणीच्या वालुकाश्मात पाणी दगडाच्या कणाकणांत असतं. तिथं चार विहिरी मोजल्या की मधल्या गावातली पातळी बऱ्यापैकी सांगता येते. इथं खाली बसाल्ट आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वर मुरूम, त्याखाली झिजलेला मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. कुठं दोन लाव्ह्यांच्या मध्ये लाल मातीचा पातळ थर. पाणी असतं ते मुरुमात आणि भेगांमध्ये. अशा खडकाच्या 100 लिटर आकारमानातून पंपाला सुटणारं पाणी साधारण 1 ते 3 लिटर. कोठार इतकं लहान असल्यामुळे ते एका पावसाळ्यात भरतं आणि मेपर्यंत रितं होतं. तुमच्या बोअरला भेग सापडली, शेजाऱ्याला नाही. दैव म्हणा.

भाऊजी : मग माझंच म्हणणं सिद्ध झालं.

वहिनी : अर्धंच. एकट्या विहिरीवर भरवसा ठेवू नये, हे सिद्ध झालं. पाणी कुठून कुठं वाहतंय हे कळायला कमीत कमी 3 विहिरी लागतात, आणि बसाल्टमध्ये त्याहून जास्त. उथळ मुरुमातली वेगळी मोजायची, खोल भेगेतली वेगळी. बोअर मारताना किती फुटांवर कुठला खडक लागला, पाणी कुठं लागलं, ही नोंद जवळ हवी. ती नोंद तुमच्या बोअरवाल्याने दिली होती?

भाऊजी : त्याने बिल दिलं.

वहिनी : बघा. या पट्ट्यात वर्षानुवर्षं बोअर मारल्या गेल्या, आणि प्रत्येक बोअर म्हणजे जमिनीखालचा एक नकाशा होता. तो गाडीबरोबर निघून गेला. 2009 चा महाराष्ट्राचा भूजल कायदा आहे, 2014 पासून लागू झाला. त्यात विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे. 60 मीटरपेक्षा खोल गेली तर तिला खोल विहीर धरून तिच्यावर बंधनं घालता येतात. तुमचे 300 फूट म्हणजे 90 मीटरच्या वर.

भाऊजी : कायद्याचं नाव काढलंत, आता माझी तक्रार ऐका. मी पोल्युशन बोर्डाची कन्सेंट, म्हणजे संमती, घेतलेला माणूस आहे. सांडपाणी शुद्ध करायला ईटीपी आहे, गाळ मोजून रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला जातो, त्याच्या पावत्या फाईलला आहेत. बोर्डाचा माणूस येतो तो माझ्याकडे, कारण माझा पत्ता त्याच्या यादीत आहे. पत्र्याच्या शेडमध्ये बिनपरवाना ॲसिडने पार्ट धुणारा कुणाच्या यादीत आहे? केमिकलचे रिकामे ड्रम विकत घेऊन उघड्यावर धुणारा भंगारवाला? त्यांच्या दारात कोण पायझोमीटर बसवणार? जो नियम पाळतो तो सापडतो, ही या देशातली रीत. माझ्या बोअरमध्ये क्रोमियम सापडलं तर ते माझंच, असं सगळे धरून चालतील.

वहिनी : तुमचा राग बरोबर आहे. आणि म्हणूनच प्लॉटनिहाय पायझोमीटरला माझाही विरोध आहे. ज्याच्यावर संशय त्यानेच मोजायचं, त्यानेच लॅब निवडायची आणि त्यानेच अहवाल पाठवायचा, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर तपासण्यासारखं आहे. खाणीतही हीच खोट आहे. तिथल्या अहवालांच्या चळती मी बघितल्यात. कधी कधी आकडे इतके सुबक उतरत जातात की मोजणारा विहिरीपर्यंत गेलाच नाही, हे टेबलावर बसून कळतं. खरी विहीर अशी शिस्तीत वागत नाही.

भाऊजी : म्हणजे कशी वागते?

वहिनी : मोजायला गेलं की पहिलं काम, शेजारचा पंप रात्रीपासून बंद होता का ते विचारायचं. चालू पंपाशेजारी घेतलेली पातळी उपशाची असते, भूजलाची नसते. विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण असते, दर वेळी तिथूनच टेप सोडायची. टोकाचा सेन्सर पाण्याला टेकला की बीप वाजतो. समजा टेप 9.40 मीटर दाखवते आणि कठडा जमिनीपासून 0.80 मीटर उंच आहे. पाणी जमिनीखाली 8.60 मीटरवर. कठडा वजा करायला विसरलं, किंवा मधल्या काळात कुणी कठडा उंच बांधला आणि वहीत लिहिलं नाही, की पुढच्या वर्षी विहीर आटल्याची बोंब होते. नमुना घ्यायचा तर आधी पंप चालवून पाइपात साठलेलं शिळं पाणी काढून टाकायचं. पाण्याची विद्युतवाहकता मीटरवर स्थिर झाली की बाटली भरायची. धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब, नाहीतर धातू बाटलीच्याच भिंतीला चिकटून बसतात. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला. एवढं केलं तर आकडा. नाहीतर नुसती शाई.

भाऊजी : बरं, एवढं सगळं करून आकडा आला. त्यावरून चोर कसा ओळखणार? पाणी काही नाव सांगत नाही.

वहिनी : थोडंफार सांगतं. नायट्रेट आणि क्लोराईड दोन्ही वाढलेत, जंतूही आहेत, तर बहुधा सांडपाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि ई-कोलाय 100 मिलिलिटरमध्ये अजिबात चालत नाही. नायट्रेट एकटंच वाढलं तर खताकडे बघायचं. क्रोमियम आणि निकेल एकत्र आले तर तुमच्या धंद्याकडे बघावं लागेल. क्रोमियमची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम. आता असं समजा की तुमच्या प्लॉटच्या वरच्या बाजूच्या विहिरीतही तेवढंच क्रोमियम आहे. मग ते तुमच्या आधीच कुठून तरी आलंय. त्या दिवशी ती विहीर तुमच्या बाजूने साक्ष देईल. तुम्हाला फक्त आरोप दिसतोय, सुटका दिसत नाही.

भाऊजी : आणि वरच्या बाजूला स्वच्छ, खालच्या बाजूला क्रोमियम निघालं तर?

वहिनी : तर टाकीखालचं काँक्रीट कुठं तडकलंय ते लवकर शोधा. उशीर झाला की काय होतं ते राजस्थानातल्या बिछडीला विचारा. उदयपूरजवळच्या त्या गावात एच-ॲसिड हे रंगासाठीचं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ जमिनीत मुरला आणि विहिरींना लालसर पाणी आलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1996 मध्ये 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' असा निकाल दिला. कायद्याच्या वर्गांत तो निकाल आजही शिकवतात. पण निकालाने विहिरी काही लगेच निवळल्या नाहीत. नदीत घाण सोडली तर पुराने ती पुढे तरी जाते. भेगांमध्ये शिरलेलं रसायन पिढीभर मुक्काम करतं.

भाऊजी : घाबरवू नका. चाकण म्हणजे बिछडी नाही. इथं मोठ्या कंपन्यांत गाड्या जुळवतात, रसायनं शिजवत नाहीत.

वहिनी : गाडीला रंग लागतो, गंजरोधक थर लागतो, प्लेटिंग लागतं. ते काम मोठ्या कंपनीच्या गेटबाहेर तुमच्यासारख्यांकडे येतं. आणि दोष सगळा कारखान्यांचाच आहे असं मी कुठं म्हटलं? मोशीला शहराचा कचरा डेपो आहे. या भागात दगडखाणी आहेत. तिथं खडक फोडून भेगा उघड्या पाडल्यात, आणि अशा खड्ड्यात जे टाकाल ते थेट खाली उतरतं. तुम्ही खाण शोधत होतात ना? आमच्याकडे कोळशाची, इकडे खडीची. गुंठेवारीतल्या शोषखड्ड्यांचं सांडपाणी वेगळंच. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा त्या भागाला पाणी देणारी नांदेड गावची विहीर अचानक सगळ्यांना आठवली. त्याच्या आदल्या महिन्यात त्या विहिरीची आठवण किती जणांना होती?

भाऊजी : ते पाणी पिण्याचं होतं. आमच्या पट्ट्याखालचं कोण पितंय?

वहिनी : निघोजे कुठं आहे?

भाऊजी : आमच्या शेजारी. इंद्रायणीच्या काठाला.

वहिनी : त्याच निघोजेच्या बंधाऱ्यावरून महापालिका आंद्रा धरणाचं पाणी उचलते आणि चिखलीला शुद्ध करून शहराला देते. चाकणचं पठार इंद्रायणी आणि भामा या दोन नद्यांच्या मध्ये आहे. पावसाळा सरला की नदीला जे पाणी राहतं, त्यात धरणाच्या विसर्गाबरोबर जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचाही वाटा असतो. तुमच्या पठाराखालचं पाणी आज ना उद्या या नाहीतर त्या नदीला मिळणार. पुढे आळंदी आहे. तिथं नदीवर फेस आला की वारकरी चिडतात, फोटो छापून येतात, चार दिवस पथकं फिरतात. फेस दिसतो म्हणून एवढं तरी होतं. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याला फेस नसतो.

भाऊजी : ठीक. मग सांगा, तुमच्या मते करायचं काय? मला भाषण नको, पर्चेस ऑर्डर द्या.

वहिनी : प्लॉटनिहाय पायझोमीटरचा आग्रह सोडा. पठारापासून नदीपर्यंत विहिरींची एक रांग ठरवा. माथ्यावर एक-दोन, कारखान्यांच्या मध्ये काही, उताराला गावच्या जुन्या विहिरी, आणि नदीकाठी. जुन्या विहिरी घेतल्या की मुरुमातलं पाणी कळेल, आणि पाच-सहा पायझोमीटर नवे मारले की खालचं. काहींत स्वयंचलित नोंद करणारं यंत्र सोडायचं, कारण टँकर रात्री भरतो आणि आपण दिवसा मोजतो. पातळी वर्षातून चार वेळा. पाण्याची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर, कारण पहिल्या पावसात वरची घाण खाली उतरते. मोजणारा तिसराच माणूस हवा. एखाद्या कॉलेजचा भूशास्त्र विभाग चालेल, भूजल यंत्रणा स्वतः चालेल. आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.

भाऊजी : इथं आपलं फाटतं. फळ्यावर नको. पहिल्या दिवशी फळ्यावर आकडा लागला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरतो. तिसऱ्या दिवशी माझ्या कस्टमरचा ऑडिटर विचारतो, तुमच्या भागात क्रोमियम निघालं म्हणे. त्याला वरची बाजू, खालची बाजू कळत नाही. तो दुसरा व्हेंडर शोधतो. माझ्याकडची पोरं घरी बसतात. एक वर्ष आकडे बंद ठेवा. काय कुठून येतंय ते आधी समजू द्या, मग लावा.

वहिनी : एक वर्ष बंद ठेवलेला आकडा पुढे कधी उघडत नाही. खाणीत हेच झालं. अहवाल दिल्लीला जायचा, नागपूरला जायचा, आणि ज्याची विहीर मोजली त्या माणसाला तेवढा कळायचा नाही. माझ्या हातात टेप असताना शेतकरी विचारायचा, 'किती आलं, बाई?' आणि सांगावं की नाही, असा प्रश्न मला पडायचा. स्वतःच्या विहिरीची पातळी त्याला चोरून विचारावी लागावी?

भाऊजी : पातळी सांगा की. पातळीने कुणाची नोकरी जात नाही. सगळ्या विहिरींची पातळी पहिल्या दिवसापासून फळ्यावर लावा, माझी हरकत नाही. मी म्हणतोय ते धातूंच्या आकड्यांबद्दल.

वहिनी : आणि जंतू, नायट्रेट? ते पिणाऱ्याला त्याच आठवड्यात कळायला हवं.

भाऊजी : तेही चालेल. धातूंचे आकडे लावायचे तर एकट्या विहिरीचे लावू नका. पूर्ण रांगेचे एकत्र लावा, वरपासून खालपर्यंत, आणि दुसऱ्या लॅबकडून पडताळून घेतल्यावरच. आणि रांगेतली एक विहीर भंगाराच्या गोदामांच्या खालच्या बाजूला हवी. ती नसेल तर मी या कामात नाही.

वहिनी : पडताळणीला मुदत घाला. दोन महिने. त्यानंतर लॅबचं काहीही येवो, फळ्यावर लागणार.

भाऊजी : तीन.

वहिनी : तीन. पण एखाद्या विहिरीचं पाणी कुणी पीत असेल, तर त्याला त्याच दिवशी घरी जाऊन सांगायचं. त्याला मुदत नाही.

भाऊजी : मान्य. आता मूळ प्रश्न, पैसे कुणाचे?

वहिनी : एमआयडीसीच्या पाण्याच्या बिलावर घनमीटरमागे काही पैसे, आणि भरणाऱ्या प्रत्येक टँकरमागे तेवढेच. जो जितकं पाणी वापरतो, तितका त्याचा वाटा. टँकरला पावती सुरू झाली की किती पाणी उपसलं जातं हेही आपोआप कळेल.

भाऊजी : टँकरवाले पावती फाडायला देणार नाहीत. आणि आमची असोसिएशन बिलावरच्या आकाराला कडाडून विरोध करेल, हे मी तुम्हाला आताच लिहून देतो.

वहिनी : तुम्ही कमिटीवर आहात. तुम्ही काय करणार?

भाऊजी : मी मत देताना गप्प बसेन. कमिटीत गप्प बसणारा म्हणजे विरोधकांतून एक कमी, वहिनी. सध्या एवढ्यावर भागवा.